बरणीतली म्हातारी

माझ्या वहिनीला सगळी गल्ली ‘पाववाली’ म्हणायची. मला ते ऐकलं की डोक्यात तिडीक जायची. वहिनी मात्र हसायची. “अहो वन्सं, पाव करते म्हणून पाववाली म्हणतात. चोऱ्या केल्या असत्या तर काय म्हणाले असते?” मी तिच्याहून वयाने लहान, तरी ती मला वन्सं म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि मी तिला खुशाल अगं-तुगं. आमच्याकडे असा सगळा उलटा कारभार. भाऊ गेल्यावर तर आम्हाला एकमेकींशिवाय आणि तिच्या पोरीशिवाय कुणी उरलंच नाही. तिची खोली तळमजल्यावर, माझी समोरच्या इमारतीत. सकाळी खिडकी उघडली की आधी तिच्या ओव्हनचा वास यायचा.

लग्नाआधी ती एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पाव भाजायला होती. भाऊ गेला तेव्हा पोर रांगत होती. रांगत्या पोरीला घेऊन कोण कामावर ठेवणार? मग हिने घरीच पाव करायला घेतले. जेवणाबरोबर खायचे ते लहान गोल पाव, मुठीत मावतील एवढे, वरून तपकिरी, फोडले की आतून वाफ येणारे. जवळच्या वसतिगृहात जायचे, शनिवारी घरोघरी जायचे. त्यावर तिने पोर वाढवली, शिकवली, लग्न लावून दिलं. माझ्यापुढे कधी हात पसरला नाही. मी आपणहून काही नेलं तर डबा भरून पाव परत यायचे. अशी मानी बाई.

बाजारात यीस्टची पाकिटं मिळतात, पण वहिनी त्यांना शिवायची नाही. दर वेळी मळलेल्या पिठातला मुठीएवढा गोळा काढून काचेच्या बरणीत राखून ठेवायचा, त्याला अधूनमधून चमचाभर मैदा आणि पाणी घालायचं, आणि पुढच्या वेळी तोच गोळा नव्या पिठात मिसळायचा. म्हणजे आजच्या पावात गेल्या खेपेचं पीठ, त्यात त्याच्या आधीचं, असं मागे मागे जात राहायचं. ह्या बरणीला घरात म्हातारी म्हणायचे. “म्हातारी जेवली का?” “आज थंडी आहे, म्हातारी रुसलीय.” एकदा विम्याचा माणूस आला होता. त्याने आदराने विचारलं, “घरात वयस्कर माणूस आहे वाटतं?” वहिनी म्हणाली, “आहे ना, ती काय फडताळात बसलीय.” तो चहा अर्धा टाकून गेला.

मला ती बरणी कधीच आवडली नाही. भर दुपारी सगळं चिडीचूप असताना आत बुडबुडा फुटायचा, झाकण जरासं उचललं जायचं आणि पुन्हा खाली बसायचं. कुणी झोपेत उसासा टाकावा तसं. वहिनीला म्हटलं तर म्हणायची, “श्वास घेते हो. जिवंत आहे म्हणून तर पाव फुगतात.” आणि यंत्राने मळू द्यायची नाही. पीठ हातानेच तिंबायचं, पार कोपरापर्यंत घाम येईस्तोवर. “हाताचं काहीतरी त्यात उतरतं. ज्याचा हात त्याचा पाव.” मी म्हणायची, हो गं बाई, हाताचा मळ उतरतो. ती मला लाटणं दाखवायची.

तिच्या पोरीला आम्ही पिठी म्हणायचो. मैद्याच्या डब्याशेजारी बसून वाढली, चेहरा सदा पांढरा. मुखदुर्बळ पोर, पण सारखी तोंड मिटून काहीतरी गुणगुणायची. तिची एक खोड होती. पाव वळून झाला की ट्रेमध्ये ठेवण्याआधी तो डाव्या गालाला लावायची. का गं, तर म्हणे, “झोपलाय का बघते.” त्यामुळे डाव्या गालावर कायम पिठाचा ठिपका. वहिनी ओरडायची, मी ओरडायची, उपयोग शून्य.

तिचं लग्न लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका भल्या मुलाशी झालं. निघताना वहिनीने म्हातारीतला अर्धा गोळा दुसऱ्या बरणीत घालून तिला दिला. घर दहा मिनिटांवर, त्यामुळे दर शनिवारी इकडे वहिनीचे पाव आणि तिकडे पिठीचे. मायलेकी फोनवरून एकमेकींच्या म्हातारीची विचारपूस करायच्या. मी म्हणायची, दोघी ठार वेड्या आहात. बरे दिवस होते ते.

मग एक दिवस पिठी फोनवर म्हणाली, “आई, डावा खांदा दुखतोय गं. कुणाला सांगू नकोस.” वहिनीला वाटलं, पीठ तिंबून दुखत असेल. मलम लाव म्हणाली. कुणाला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात पिठी ओट्याशी पीठ मळता मळता खाली बसली ती उठलीच नाही. हात मनगटापर्यंत पिठात होते. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. एवढीशी पोर. मला अजून ते शब्द ऐकले की त्या डॉक्टरांचा राग येतो, त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष.

वहिनी पार खचली. ओव्हन बंद, खिडकी बंद. तिची म्हातारी उपाशी राहून बरणीतच मेली, वर हिरवी-काळी बुरशी धरली. वहिनीने ती बरणीसकट कचऱ्यात टाकली. “तीही गेली,” एवढंच बोलली.

जावयाने पुन्हा लग्न करावं म्हणून वहिनीनेच तगादा लावला. “तरुण आहे, एकटा किती दिवस भिंती बघेल?” शेवटी त्याने केलं. नवी बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. मी तिला मनातल्या मनात ‘नवी’च म्हणायची, आणि खरं सांगते, तिच्यात खोट काढायची असं ठरवूनच तिला भेटायला गेले होते. पण पोर लाघवी निघाली. बडबडी, मोठ्याने हसणारी, काम करताना शीळ वाजवणारी. चहात तीन चमचे साखर. वहिनीला काकू म्हणायची आणि तिच्या डोळ्यांकडे बघून, “काकू, तुमचा नंबर बदललाय, दुकानात या,” असं सांगायची.

एका दुपारी तिचाच फोन आला. “काकू, फ्रिजमध्ये मागे एक बरणी सापडलीय. वर काळं पाणी आहे, वास आंबट येतो. टाकून देऊ का?”

वहिनी चप्पल न घालता निघाली. मी मागून तिच्या चपला घेऊन धावले.

ती पिठीचीच बरणी होती. त्या दिवशी धावून आलेल्या शेजारणीने पिठीच्या हातांचं पीठ सोडवून काढलं होतं. टाकवेना, म्हणून तिने ते ओट्यावरच्या ह्या बरणीत कोंबलं आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवून दिली. हे तिने स्वतःच आम्हाला दारात उभं राहून सांगितलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वहिनीच्या मात्र चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला. तिने वरचं काळं पाणी ओतलं, खालचं करडं पीठ चमच्याने काढलं, कोमट पाणी आणि मैदा घातला. आम्ही बसून राहिलो. संध्याकाळ व्हायच्या आत झाकण उचललं गेलं आणि खाली बसलं.

“जिवंत आहे,” वहिनी म्हणाली आणि रडायला लागली.

तिथे ती चुकली. तिने त्यातला थोडा गोळा स्वतःच्या घरी आणला, ते एक ठीक. पण बरणी तिने पिठीच्याच स्वयंपाकघरात ठेवली आणि नवीला पाव शिकवायला घेतले. लेकीच्या घरात लेकीचं पीठ फुगत राहावं, एवढाच तिचा लोभ. नवीलाही हौस होती. दर शनिवारी वहिनी तिकडे जाऊ लागली, कधीमधी मीही जायची. नवी कोपरापर्यंत बाह्या सारून पीठ तिंबायची, शीळ वाजवायची, मध्येच गिऱ्हाइकांच्या नकला करून आम्हाला हसवायची.

काही आठवडे गेले. एका शनिवारी मी चहा पीत बसले होते. माझं लक्ष गेलं, शीळ बंद होती. नवी तोंड मिटून गुणगुणत होती. तिने एक पाव वळला, उचलला, आणि डाव्या गालाला लावला.

मी कपबशी तशीच खाली ठेवली. बाहेर पडल्यावर मी वहिनीला धरलं. “तू शिकवलंस?”

“नाही हो.”

“मग जावयाने सांगितलं असेल.”

त्यालाही विचारलं. त्याचा चेहरा पडला. “मी शनिवारी कामावर असायचो, आत्या. ती पाव कसे वळायची, मी कधी बघितलंच नाही.” जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर मेल्यावरही जाईना.

पुढे पुढे तर हद्द झाली. नवी पहिल्यांदाच वहिनीच्या खोलीवर आली त्या दिवशी मी तिथेच होते. ओट्याखालचा खण अडकतो. गुडघ्याने खालून ढुशी दिली तरच उघडतो. मला इतक्या वर्षांत जमलं नाही. नवी बोलता बोलता गेली, गुडघ्याने ढुशी दिली, खण उघडून चमचा काढला आणि बोलत राहिली. चहा मागितला तोही पिठीसारखा बिनसाखरेचा. जाताना दारातून म्हणाली, “ए आई, येते गं.” पिठी अगदी अस्संच म्हणायची, शेवटच्या शब्दावर आवाज खाली सोडून.

मला वाटलं वहिनी घाबरेल. छे! ती फुलली. केस विंचरायला लागली, दोन घास जेवायला लागली, तिच्या खोलीत पुन्हा ओव्हनचा वास यायला लागला. मी तोंडाची फटकळ, पण तिच्या ताटातला तो घास हिसकावायचा मला धीर होईना. एकदा मी फक्त एवढंच म्हटलं, “वहिनी, ती तुझी पिठी नाही.” ती म्हणाली, “माहीत आहे हो. पण शनिवारपुरती असते ना.”

पण ती शनिवारपुरती राहिली नाही. नवीने दुकानातली नोकरी सोडली. हसणं बंद झालं. आणि एके दिवशी तिची सख्खी आई माझ्या दारात उभी राहिली. साधी बाई, लांबून दोन गाड्या बदलून आलेली. मला म्हणाली, “ताई, मी पोरीकडे गेले होते. तिने मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि विचारलं, साखर किती घालू? अहो, मला साखर चालत नाही, लहानपणापासून तीच माझ्या गोळ्या काढून द्यायची. माझी पोर माझ्याशी पाहुण्यांसारखी बोलते. आमचं काय चुकलं?” तिला काय सांगणार, कपाळ! मी तिला जेवायला वाढलं. तिने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

हे मी वहिनीला सांगितलं. तिने नुसतं ऐकून घेतलं. पण त्या दिवशी तिने पीठ मळलं नाही.

पुढच्याच शनिवारी आम्ही दोघी तिकडे होतो. ऊन चांगलं स्वयंपाकघरात आलेलं. नवी ट्रेला लोणी लावत होती. मध्येच थांबून ती डावा खांदा दाबायला लागली. वहिनीकडे बघून हळूच म्हणाली, “आई, डावा खांदा दुखतोय गं. कुणाला सांगू नकोस.”

वहिनी जागच्या जागी थिजली. माझी तर पाचावर धारण बसली. मी नवीला तशीच उठवली, रिक्षात घातली, डॉक्टरकडे नेली. तपासण्या झाल्या. सगळं ठणठणीत. डॉक्टर हसून म्हणाले, कामाचा ताण असेल. मी म्हटलं, तसं आधीही एकदा वाटलं होतं आम्हाला. त्यांना कळलं नाही.

परत आलो तेव्हा वहिनी ओट्याशी उभी होती. “सगळं ठीक आहे म्हणतात,” मी म्हटलं.

“पिठीचंही सगळं ठीकच होतं,” ती म्हणाली. “वन्सं, माझ्या घरची बरणी घेऊन या.”

मला तेव्हाच कळलं ती काय करणार ते. मी पळत जाऊन बरणी आणली. वहिनीने दोन्ही बरण्यांतलं सगळं पीठ परातीत ओतलं. चमच्याने कडा खरवडल्या, बरण्यांत पाणी घालून ते धुवणही परातीत घेतलं. मैदा, कोमट दूध, लोणी, मीठ, साखर. मग मळायला लागली. तिने नवीला पिठाला हात लावू दिला नाही. नवी खुर्चीत बसून नुसती बघत होती. तिचं गुणगुणणं थांबलं होतं.

पीठ फुगायला नेहमी दोनेक तास लागतात. त्या दिवशी वहिनी हात धुऊन वळली तोवर परातीवर झाकलेलं फडकं वर उचललं गेलं होतं. तिने पीठ दाबलं, गोळे तोडले, पाव वळले. ट्रेमध्ये ठेवायचा अवकाश, ते फुगून एकमेकांना चिकटत होते, काठाबाहेर येत होते. इतकं जिवंत पीठ मी जन्मात पाहिलं नाही. देवाशप्पथ सांगते, ते बाहेर पडायला बघत होतं. मी भीतीने भिंतीला टेकले.

परात रिकामी झाली. वहिनीने बोटांना चिकटलेलंही काढून शेवटच्या पावाला लावलं. ट्रे उचलला.

“आई,” नवी म्हणाली. ती उठली नव्हती, हललीही नव्हती. “थोडं काढून ठेव ना. नेहमी ठेवतेस.”

वहिनी ट्रे हातात धरून थबकली.

“सगळं नको गं भाजूस. एवढंसं ठेव. आई, मला भीती वाटते.”

तो पिठीचा आवाज होता. मी तिची आत्या, मी तिला पाळण्यात झोपवलंय, मला कुणी शिकवायला नको. माझ्या तोंडातून निघून गेलं, “वहिनी, ठेव गं चिमूटभर.” हो, मीच म्हटलं.

वहिनी म्हणाली, “नाही बाळा. आता नाही.” तिने ट्रे आत सरकवला आणि ओव्हनचं दार लावलं. दाराला चांगली कडी आहे, तरी ती त्याला पाठ लावून उभी राहिली. आतून टकटक आवाज यायला लागला. तापलेला पत्रा वाजतो, मला माहीत आहे; मी काही खुळी नाही. पण पत्रा एकदा-दोनदा वाजतो. हा आवाज बराच वेळ येत राहिला, आधी जोरात, मग हळू. वहिनीची पाठ भाजत होती, तरी ती हलली नाही. डोळे मिटून ती अंगाईसारखं काहीतरी पुटपुटत होती. शेवटी आवाज थांबला आणि पावांचा वास सुटला.

नवी खुर्चीतच झोपली होती. उठली तेव्हा आळस देऊन म्हणाली, “अय्या, किती वेळ झोपले मी! काकू, उठवायचं ना.” तिने एक पाव तोडून खाल्ला. “जरा आंबट झालाय, पण मस्त.” मग फोन घेऊन खिडकीशी गेली. “ए आई! अगं कुठे आहेस? किती दिवसांत बोललो नाही गं आपण. गोळ्या घेतेस ना वेळेवर?” आणि खळखळून हसली. वहिनी तिच्याकडे पाठ करून दोन्ही बरण्या गरम पाण्याने घासत होती. एकदा घासून झाल्या तरी पुन्हा घासत होती.

परत येताना ती भराभर चालत होती. मीच बडबडत होते, भीती गेली की मला बडबड सुटते. म्हटलं, “वहिनी, असेल काय आणि नसेल काय, शेवटी ते पीठच होतं गं. तू त्या पोरीला वाचवलंस.”

वहिनी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. “नुसतं पीठ असेल तर प्रश्नच नाही,” ती म्हणाली. “पण ती असेल तर? वन्सं, ती भीती वाटते म्हणाली हो. माझ्याकडे मागत होती.” आणि मग ती भर रस्त्यात मोठ्याने रडायला लागली. “मी तिला जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं.”

लोक थांबून बघायला लागले. मी त्यांना हाकललं आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.